हिवाळ्यात जव्हार-मोखाडा: गाडी, रस्ता आणि सोबत

पावसाळ्यात जव्हारला गर्दी उसळते ती दाभोशाच्या धबधब्यासाठी. माझं मत विचाराल तर या भागात गाडी घेऊन जायचं ते डिसेंबर-जानेवारीत. भातं कापून झालेली असतात, माळावरचं गवत पिवळं पडलेलं असतं, पावसाने उखडलेले रस्ते बऱ्याच ठिकाणी बुजवून झालेले असतात. जव्हार समुद्रसपाटीपासून साधारण दीड हजार फुटांवर, त्यामुळे मुंबईला क्वचितच भेटणारी थंडी इथे सकाळ-संध्याकाळ अंगाला लागते. याच दिवसांत स्थानिक शेतकऱ्यांची स्ट्रॉबेरी निघते. शिवाजी महाराज सुरतेच्या मोहिमेवर या बाजूने गेले तेही जानेवारी 1664 च्या तोंडावर, ऐन थंडीत. जव्हारजवळच्या शिरपामाळावर त्यांचा मुक्काम पडला, असं इथली परंपरा सांगते.

दोघे जिवलग मित्र किंवा दोघी मैत्रिणी, एक गाडी आणि मोकळे दोन दिवस: या भागासाठी याहून चांगला बेत मला माहीत नाही. पण निघण्याआधी एक गोष्ट मनात पक्की करा. इथे गाडीत होणारा बिघाड सहसा लहानच असतो. बॅटरी बसते, टायर जातो, इंजिन तापतं. महामार्गावर हीच दुखणी तासाभरात निस्तरतात. मोखाडा तालुक्यातल्या खोडाळ्याच्या पुढच्या एखाद्या वळणावर, संध्याकाळी सात वाजता, मोबाइलला रेंज नसताना मात्र तीच दुखणी अख्खी रात्र खातात. म्हणून गाडीच्या तयारीइतकंच मी तुम्हाला घड्याळाबद्दल सांगणार आहे.

डिसेंबरअखेर आणि जानेवारीत सूर्य सातनंतर उगवतो आणि सहाच्या सुमाराला मावळतो. डोंगराच्या कुशीतल्या रस्त्यावर अंधार त्याच्याही आधी उतरतो. सकाळी दरीत, ओढ्यांच्या उताराला आणि धरणांच्या पाण्याजवळ धुकं साचतं, ते ऊन चढल्याशिवाय हटत नाही. म्हणजे घाट आणि आतले रस्ते यांच्यासाठी तुमच्या हातात असतात ते सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच एवढेच तास. मुंबईहून पहाटे निघायला हरकत नाही, कारण अंधारातला भाग महामार्गावर जातो आणि घाट लागेपर्यंत ऊन पडलेलं असतं. नाशिकहून निघणाऱ्यांचं उलट आहे. त्र्यंबकेश्वर ओलांडलं की थोड्याच वेळात तोरंगण घाट येतो, तिथे धुक्यात शिरण्यापेक्षा त्र्यंबकेश्वरला चहा-नाश्ता करून उजेडी उतरावं.

मुंबईकरांनी अहमदाबाद महामार्गाने मनोरपर्यंत यावं आणि तिथून विक्रमगडमार्गे जव्हार गाठावं. ठाणे-कल्याणच्या लोकांना नकाशा भिवंडी-वाडा रस्ता सुचवतो. अंतर कमी दिसतं, पण ट्रकांची वर्दळ आणि रस्त्याची अवस्था पाहता ते वाचलेलं अंतर टायरांच्या जिवावर येतं. तिसरा रस्ता कसाऱ्याहून विहीगाव, खोडाळा असा वर चढतो. तो सगळ्यांत देखणा आणि सगळ्यांत एकाकी. त्या रस्त्याने जरूर जा, पण दिवसा, आणि टाकी भरूनच. जव्हार ते मोखाडा जेमतेम वीस-पंचवीस किलोमीटर, जव्हार ते नाशिक ऐंशीच्या आसपास. आकडे लहान दिसतात म्हणून वेळ कमी धरू नका. वळणांच्या रस्त्यावर ताशी तीस किलोमीटरच्या हिशोबाने बेत आखला की घाई होत नाही.

आता सोबतीबद्दल, कारण गाडी अडली की पहिली परीक्षा मैत्रीचीच होते. तीन गोष्टी घरातून निघायच्या आधी बोलून टाका. पहिली, ‘थांबूया’ हा शब्द दोघांपैकी कुणीही उच्चारला की गाडी थांबवायची, कारण नंतर विचारायचं. चालवणाऱ्याला न दिसलेलं, न ऐकू आलेलं शेजारच्याला जाणवतं: जळका वास, चाकाकडून येणारी घरघर, डोळ्यांवर येऊ लागलेली झापड. दुसरी, शेजारी बसणाऱ्याचं काम. आधीच उतरवून ठेवलेला नकाशा बघणं, तापमानाच्या काट्यावर नजर ठेवणं आणि निदान एक फोन पूर्ण चार्ज करून, बंद करून बॅगेत ठेवणं हे त्याच्याकडे. तिसरी गोष्ट पैशांची, आणि तीच बोलायला आपण लाजतो. माझ्या मते न्याय्य वाटणी अशी: बॅटरी म्हातारी झाली, क्लचप्लेट आधीपासूनच झिजलेली होती, तर तो खर्च गाडीच्या मालकाचा. वाटेत खिळा घुसला, दगडाने टायर फाटला, गाडी टोचन करून न्यावी लागली, तर तो खर्च अर्धा-अर्धा. हे आधी ठरलेलं असलं की रस्त्यात कुणाचं तोंड वाकडं होत नाही.

गाडी गॅरेजला दाखवायची ती निघायच्या दोन-तीन दिवस आधी. आदल्या संध्याकाळी दाखवली आणि काही निघालं तर सुटा भाग मिळायलाही वेळ उरत नाही. मेकॅनिकला नुसतं ‘बघून घे’ म्हणू नका. बॅटरी लोडवर तपासायला सांगा. तीन-चार वर्षं झालेली बॅटरी मुंबईच्या उकाड्यात रोज गाडी चालू करून देते, पण जव्हारच्या थंड पहाटे मान टाकते, कारण थंडीत तिची ताकद उतरते आणि घट्ट झालेलं इंजिन ऑइल सेल्फकडून जास्त जोर मागतं. ब्रेकपॅड, कूलंटची पातळी, वायपर, सगळे दिवे बघून घ्या. आणि स्टेपनीची हवा. चारही चाकांत हवा भरून घेणारा माणूस डिकीतल्या पाचव्या चाकाला विसरतो, आणि नेमकी गरज लागते तेव्हा ते चपटं निघतं. काही नव्या गाड्यांत स्टेपनीच नसते, नुसतं पंक्चरचं किट असतं. तुमच्या डिकीत काय आहे ते उघडून पाहा.

आणखी एक काम घरासमोरच करून ठेवा. टायरच्या दुकानात चाकाचे नट हवेच्या मशीनने आवळतात, ते इतके घट्ट बसतात की गाडीबरोबर आलेल्या आखूड पान्याने रस्त्यात सुटता सुटत नाहीत. सपाट जागी, हँडब्रेक ओढून, प्रत्येक चाकाचा एक-एक नट हाताने सोडवून पुन्हा आवळून पाहा. दोघांनीही. त्याच वेळी टोचनचा हूक शोधून ठेवा. बहुतेक गाड्यांत तो हत्यारांच्या पिशवीत सुटा असतो आणि बंपरवरची लहान झाकणी काढून तिथे आट्यांनी बसवायचा असतो. अंधारात ही झाकणी सापडत नाही.

पिशवीत काय असावं? जंप केबल, टायरमध्ये हवा भरायचा लहान पंप, डोक्याला बांधायची टॉर्च, हातमोजे, परावर्तक त्रिकोण, चार-पाच लिटर साधं पाणी, दोन ब्लँकेटं, गूळ-शेंगदाणे किंवा लाडू. आणि दहा नंबरचा पाना, त्याच्याबद्दल पुढे सांगते. विमा कंपनीचा रस्त्यावरच्या मदतीचा नंबर कागदावर लिहून घ्या आणि त्यांना आधीच फोन करून विचारा की मोखाड्यापर्यंत मदतीची गाडी येते का, किती वेळात येते. रोख पैसे हवेतच. रेंज नसली की फोनमधले पैसे काही कामाचे नाहीत.

पहाटे डॅशबोर्डवर काही दिवे लागले तर लगेच घाबरू नका. बऱ्याच नव्या गाड्यांत इंजिन थंड असताना निळा दिवा लागतो, तो थोड्या वेळाने आपोआप विझतो. टायरच्या हवेचा दिवाही थंडीत लागू शकतो, कारण तापमान दहा अंशांनी उतरलं की हवेचा दाब दीड-दोन पॉइंटांनी कमी होतो. हवा मोजा, कमी असेल तर भरा आणि निघा. काच आतून धुरकटली तर हाताने पुसू नका, डाग पडून समोरून येणारा दिवा जास्त पसरतो. एसी चालू करून हवेचा झोत काचेवर घ्या आणि बाहेरची हवा आत येऊ द्या. धुक्यात अपर लाइट लावला की समोर पांढरी भिंत उभी राहते, म्हणून दिवे खालीच ठेवा. चालत्या गाडीत चारही इंडिकेटर लावून जाऊ नका, मागच्याला तुम्ही कुठे वळणार ते कळत नाही.

बॅटरीचं दुखणं एकदा जवळून पाहिलं ते सांगते. मी आणि माझी मैत्रीण खोडाळ्याजवळ मुक्कामाला होतो. सकाळी सूर्यमाळला जायचं म्हणून गाडीत बसलो. किल्ली फिरवली की डॅशबोर्ड मंद व्हायचा आणि बोनेटखाली नुसतं टक-टक-टक. भाजी घेऊन नाशिककडे निघालेला एक पिकअपवाला थांबला. आम्ही केबल काढली, पण त्याने तिच्याकडे बघितलंही नाही. त्याने बॅटरीच्या टर्मिनलला हात घालून हलवलं तर ते चक्क फिरलं. त्यावर हिरवट-पांढरी भुकटी साचली होती. आमच्याकडून गरम पाणी मागवून त्याने ती धुऊन काढली, फडक्याने कोरडं केलं, मग स्वतःच्या गाडीतून दहा नंबरचा पाना आणून टर्मिनल आवळलं. ‘आता मारा सेल्फ.’ पहिल्याच झटक्यात इंजिन चालू झालं. ज्या गाडीला आम्ही जंप देणार होतो तिची बॅटरी बसलेलीच नव्हती, नुसता संपर्क सुटला होता. तेव्हापासून तो पाना माझ्या पिशवीत असतो.

आवाजावरून बरंच कळतं. टक-टक-टक आणि दिवे मंद, म्हणजे बॅटरी किंवा तिचे टर्मिनल. एकच मोठा टक्क आणि दिवे लख्ख, म्हणजे बहुधा सेल्फचं काम. सेल्फ जोरात फिरतोय पण इंजिन पकडत नाही, तर इंधन किंवा इलेक्ट्रिकलकडे बघावं लागेल आणि ते रस्त्यावर आपल्या हातचं नाही. जंप द्यायचीच असेल तर क्रम पाठ करा: लाल केबल आधी बसलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग चांगल्या बॅटरीच्या प्लसला. काळी चांगल्या बॅटरीच्या मायनसला, आणि तिचं शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनवरच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. चांगली गाडी चालू करून पाच मिनिटं थांबा, मग दुसरी चालू करा. केबल काढताना उलटा क्रम. त्यानंतर तासभर तरी इंजिन बंद करायचं नाही, देवबांधच्या गणपतीला थांबायचं असलं तरी एकाने गाडीत बसून राहायचं. ढकलून चालू करण्याचा उपाय फक्त हाताने गिअर टाकायच्या गाडीला लागू आहे, ऑटोमॅटिकला नाही.

घाटात दोन दुखणी होतात. चढताना इंजिन तापतं, उतरताना ब्रेक. काटा वर चढू लागला की एसी बंद, हीटर पूर्ण, काचा खाली आणि पहिल्या सुरक्षित जागी थांबा. तो हीटर इंजिनाचीच उष्णता आत खेचतो, तुम्हाला उकडेल पण इंजिन वाचेल. बोनेट उघडा आणि निदान अर्धा-पाऊण तास काही करू नका. गरम रेडिएटरचं झाकण उघडलं की उकळतं पाणी तोंडावर उडतं. पूर्ण गार झाल्यावर कूलंटच्या टाकीत पाणी घाला, आणि खालून गळत असेल तर गाडी पुढे रेटू नका. उतरताना ज्या गिअरवर तो चढ चढला असतात त्याच गिअरवर उतरा. ब्रेकवर पाय ठेवून अख्खा तोरंगण उतरणाऱ्या गाडीचे ब्रेक तळाला पोचेपर्यंत मऊ पडतात. जळका वास आला तर थांबून थंड होऊ द्या, तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका.

थांबताना जागा बघा. या दिवसांत रस्त्याकडेचं गवत वाळून कोळ झालेलं असतं. तापलेल्या सायलेन्सरखाली ते पेट घेऊ शकतं, गाडीसकट अख्ख्या माळाचा वणवा होतो. मातीवर किंवा डांबरावरच थांबा. त्रिकोण पन्नासेक पावलांवर मागे ठेवा, वळण असेल तर वळणाच्याही अलीकडे. वाडा-विक्रमगड पट्ट्यात गवताचे उंच भारे लादलेले ट्रक याच मोसमात फिरतात, त्यांना एकदम थांबता येत नाही.

चाक बदलताना नट आधी जमिनीवरच सैल करायचे, मग जॅक लावायचा. उतारावर चाकाखाली दगड लावावाच लागतो. आणि काम झालं की तो दगड उचलून रस्त्याच्या कडेला, दूर टाकायचा. हे मी फार कळकळीने सांगते आहे. घाटात भर रस्त्यात पडलेले असे दगड दिसतात. कुणी तरी चाकाखाली लावले, गाडी चालू झाली, आनंदात निघून गेले. रात्री दुचाकीवर बायको-पोराला बसवून घरी निघालेल्या माणसाला तो दगड दिसत नाही.

माणसांची मदत मिळते का? मिळते, आणि मनापासून मिळते. पण एक वस्तुस्थिती लक्षात असू द्या. भातकापणी उरकली, दिवाळी झाली की जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांतली कितीतरी घरं कुलूप लावून कामाला बाहेर पडतात: भिवंडी-वसई-कल्याणच्या वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर. मागे उरतात म्हातारी माणसं आणि काही मुलं. मोखाड्यातल्या मध्य वैतरणा धरणाचं पाणी मुंबईच्या नळांना येतं आणि त्याच तालुक्यातली माणसं पोटासाठी शहराच्या कडेला येऊन राहतात. म्हणून ‘पाड्यातली दहा पोरं बोलावू आणि गाडी ढकलू’ हे गृहीत धरू नका. हिवाळ्यात तिथे दहा पोरं नसतीलही. जे येतील त्यांचा तो वेळ कामाचा असतो. निघताना त्यांच्या हातात पैसे ठेवा, नको म्हणाले तरी एकदा आग्रह करा, आणि मदतीला आलेल्यांचे, त्यांच्या घरांचे फोटो काढत बसू नका. म्हाताऱ्या माणसांशी ‘बाबा’, ‘आजी’ म्हणून बोला, मराठी सगळ्यांना समजते.

खरा भरवसा एसटीचा. जव्हारला एसटीचं आगार आहे आणि चालक-वाहकांना या रस्त्याचं प्रत्येक वळण, प्रत्येक गॅरेज ठाऊक असतं. दिवसा गाडी अडली तर हात दाखवून बस थांबवा. एकाने गाडीजवळ थांबावं, दुसऱ्याने बसने किंवा शेअर जीपने जव्हार किंवा मोखाडा गाठून मेकॅनिक घेऊन यावं. जाताना गाडीचं मॉडेल, वर्ष, पेट्रोल की डिझेल, कसला आवाज येतो हे कागदावर लिहून न्या आणि बिघाडाचे फोटो फोनमध्ये न्या, म्हणजे मेकॅनिक योग्य सामान घेऊनच निघतो. अंधार पडल्यावर मात्र वेगळे होऊ नका. दोघांनी एकत्रच राहायचं.

रात्र गाडीत काढावी लागलीच तर इंजिन बंद करा. काचा लावून, इंजिन आणि हीटर चालू ठेवून झोपणं जिवावर बेतू शकतं, धुरातल्या वायूला वास नसतो आणि झोपेतला माणूस जागा होत नाही. ब्लँकेटं पांघरा, काच बोटभर खाली ठेवा, दारं आतून लावा. कुणी जखमी असेल किंवा छातीत दुखत असेल तर थांबायचं नाही: 108 वर रुग्णवाहिका, 112 वर पोलिसांसह सगळी तातडीची मदत. तुमच्या सिमला रेंज नसली तरी दुसऱ्या कंपनीचा टॉवर मिळत असेल तर 112 लागू शकतो, म्हणून लावून पाहाच. जव्हारला पतंगशाह कुटीर रुग्णालय आहे, मोखाड्याला ग्रामीण रुग्णालय. तुम्हीच कुणाला अपघातातून उचलून नेलंत तर 2019 मध्ये मोटार वाहन कायद्यात आलेलं कलम 134 अ तुम्हाला संरक्षण देतं, तुमच्यावर नाव सांगायचीही सक्ती करता येत नाही.

गाडी जव्हारच्या गॅरेजमध्ये लागली आणि सामान नाशिकहून यायचं असेल तर दिवस वाया गेला असं समजू नका. मुकणे राजघराण्याचा जय विलास राजवाडा, हनुमान पॉइंट, सनसेट पॉइंट यांच्यासाठी गाडी लागत नाही, गावातूनच चालत किंवा रिक्षाने जाता येतं. बाजारात नागलीची भाकरी आणि खुरासणीची चटणी कुठे मिळते ते विचारा. मेकॅनिकला मात्र किती वाजता गाडी मिळेल ते स्पष्ट विचारा. दुपारी तीनच्या पुढची वेळ सांगितली तर मुक्काम वाढवा. आणि सोमवारी ऑफिस गाठायचंच असेल तर गाडी तिथे सोडून एसटीने घरी या आणि पुढच्या शनिवारी दोघे मिळून ती घेऊन या.